निरोगी उंडी

पालघर जिल्ह्यात लोक समुद्र बघायला जातात, डहाणूचे चिकू खायला जातात, नाहीतर बोईसरला नोकरी लागली म्हणून जातात. मी एका झाडासाठी गेले होते. परत आल्यावर घरी सगळ्यांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी म्हटलं, "मासे छान होते." ते खोटं नाही. पण त्यापुढचं सांगायला लागलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

झाड उंडीचं. आमच्या सोलापूरकडे ते कुणी पाहिलेलं नसेल. समुद्रकाठी वाढतं. पानं जाड आणि तेल लावल्यासारखी चकचकीत, फुलं पांढरी आणि वासाची, फळं लहान लिंबाएवढी गोल. किनाऱ्यावरचे लोक त्याच्या बियांचं तेल काढायचे, ते होडीच्या लाकडाला चोपडायचे आणि सांधे धरले की स्वतःच्या गुडघ्यांनाही. होडीला आणि माणसाला एकच तेल, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं.

मी एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझा विषय बुरशी. त्यातही अशी बुरशी, जी औषधी झाडांच्या आत राहते. चांगल्या हिरव्यागार पानाच्या पोटातसुद्धा बुरशी असते, झाडाला काही त्रास न देता, शहाण्या भाडेकरणीसारखी. कधीकधी तर असं निघतं की ज्या औषधासाठी आपण झाडाला ओरबाडत आलो, ते ही भाडेकरीणही तयार करते. मग झाड तोडायला नको, साली सोलायला नकोत. बुरशी बरणीत वाढवा आणि औषध काढून घ्या. ऐकायला किती सोपं वाटतं! याच सोप्या वाक्याच्या मागे माझी चांगली वर्षं गेली.

बोईसरजवळच्या पाम गावाच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, एका कोळीवाड्यात हरेश्वरदादा राहतात. गावाचं नाव लिहीत नाही, कुणी झाड शोधत जायला नको. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरची औषधी झाडं गोळा करत फिरताना त्यांच्या दारची उंडी मला मिळाली. तिच्या पानातून एक करडी, कापसासारखी बुरशी निघाली. हरेश्वरदादांना साखरेचा आजार. त्यांच्या पायाला जखम होती, ती भरत नव्हती आणि दवाखान्यातली औषधं तिच्यापुढे एकेक करून हरत होती. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना विचारून त्या जखमेतल्या जंतूंचा नमुना मला दिला. मी ते जंतू काचेच्या बशीत वाढवले आणि मधोमध माझ्या बुरशीच्या अर्काचा एक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल रिंगण पडलेलं होतं. त्या रिंगणात एकही जंतू जिवंत नव्हता. मी बशीचा फोटो हरेश्वरदादांना पाठवला. तो फोटो ते येईल जाईल त्याला दाखवत होते, हे मला नंतर कळलं.

आता रडगाणं. झाडाबाहेर काढलेली ही बुरशी बशीतून बशीत वाढवत नेली की हळूहळू औषध करायचं सोडून देते. जगते, फोफावते, पण काम करत नाही. माझ्या पहिल्या बशीतलं रिंगण रुपयाच्या नाण्याएवढं होतं. पुढे ते टिकलीएवढं झालं, आणि मग एके दिवशी पडलंच नाही. फ्रीझरमध्ये जपून ठेवलेल्या नळ्या काढल्या, तर त्यांतलीही तशीच आळशी निघाली. दुसऱ्या गावांतल्या उंडी तपासल्या, तर त्यांच्यात दुसऱ्याच बुरश्या. एकच रस्ता उरला होता. त्याच झाडाकडे परत जायचं आणि तीच बुरशी पुन्हा पानातून काढायची. ती मिळाली तर काम पुन्हा उभं राहणार, नाही मिळाली तर संपलं.

हरेश्वरदादांचा फोन अधूनमधून यायचा. प्रश्न एकच असायचा, "मॅडम, औषद कुटवर आला?" औषध व्हायला फार वर्षं लागतात, तुमच्या पायाला त्याचा उपयोग बहुधा होणार नाही, हे मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या फोनला तोच प्रश्न विचारायचे. पावसाळ्याआधी एकदा मी वैतागून म्हटलं, "दादा, तुमच्या झाडातल्या बुरशीपाशी सगळं अडलंय."

"बुरशीपाशी?"

"हो ना."

त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा तोंडात घोळवला. मग "बरा, बरा" म्हणाले आणि फोन ठेवला.

पालघर

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही. वैतरणेची खाडी ओलांडली की खिडकीतून खारट वारा येतो आणि सोलापूरच्या माणसाच्या ओठांना तो लगेच कळतो, एवढंच.

पालघर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून तिथे कचेऱ्या मोठ्या झाल्यात आणि बाजार होता तेवढाच आहे, असं मला वाटलं. एका कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापिकेने मला तिची प्रयोगशाळा वापरू देण्याचं कबूल केलं होतं. तिथे सामान टाकून मी थर्माकोलचा खोका हातात घेऊन बाजारातून निघाले. पानं थंड ठेवावी लागतात, म्हणून तो खोका. पण त्या गावात थर्माकोलचा खोका घेऊन फिरणारी बाई म्हणजे मासळीवालीच. दोघींनी भाव विचारला. तिसरी, मासळी विकत बसलेली कोळीण, त्यांच्याही पुढची; तिने सरळ झाकणच उघडलं.

"हा तर रिकामा हाय!"

"पानं आणायला चाललेय," मी म्हटलं.

"पाना? कसली पाना?"

"उंडीची."

"आनि ती बरफात ठेवशील?" तिने शेजारणीला हाक मारून ही बातमी दिली. "आयकलास काय? ही बाय उंडीचा पाला बरफात घालते. आमची सुरमय उन्हात बसलीय नि हिचा पाला बरफात!"

दोघी पोट धरून हसल्या. मीही हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं मोकळं हसणं, म्हणून लक्षात राहिलं.

बोईसर

बोईसरला रिक्षावाला भेटला तो बिहारचा. त्यानेही खोक्याकडे बघून विचारलं, "मच्छी का धंधा है, मैडम?" मी नाही म्हटलं. मग कारखान्यांचा पट्टा लागला. तो वास कसला म्हणावा? कधी जळक्या रबराचा, कधी कुजक्या बदामाचा, मध्येच दवाखान्याच्या जिन्यासारखा. मी पदर नाकाला लावला. रिक्षावाल्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"यहाँ दवाई बनती है, मैडम," तो म्हणाला. "मैं भी पहले दवाई में था."

"कौनसी दवाई?"

"वो नहीं मालूम. पाउडर भरते थे, मुँह बाँध के."

मी बाहेर बघत राहिले. केवढाल्या टाक्या, केवढाले पाइप, रात्रंदिवस औषधांची पोती भरून जगभर जातात. आणि त्यांच्या पलीकडे काही मैलांवर एक माणूस पायाची जखम घेऊन बसलेला, ज्याच्यावर यातलं काही चालत नाही. आणि मी, रिकामा खोका मांडीवर घेऊन त्या दोघांच्या मधून चाललेली. मला स्वतःची कीव आली. खोटं कशाला सांगू, थोडी शरमही वाटली. मला जे बरणीत करायचं होतं तेही शेवटी असल्याच टाकीत जाऊन बसणार होतं. पण तिथपर्यंत तरी पोहोचावं, एवढीच इच्छा होती.

पामच्या पुढे

पाम सोडलं की ताडाची झाडं वाढतात आणि कारखान्यांचा वास हळूहळू सुक्या मासळीच्या वासात विरतो. घाण वासातून निघाल्यावर आपल्याला दुसरा वास सुगंध वाटू शकतो, हे मी त्या दिवशी शिकले.

हरेश्वरदादांच्या घरासमोर बोंबील सुकत होते. बांबू उभे-आडवे बांधून केलेल्या मांडवाला तिथे वलांडी म्हणतात. तिच्यावर बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगतात. आमच्याकडे कुरड्या-पापडांवर पोरांना कावळे हाकायला बसवतात. इथे तेच काम मोठी माणसं करतात, कारण यावर वर्षाचं पोट असतं.

जयवंतीवहिनी, म्हणजे दादांची बायको, अंगणात पाटीभर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि पुन्हा निवडायला बसल्या. अवेळी पाऊस येऊन गेला होता. चांगले बोंबील एका बाजूला, आणि बुरशी धरलेले दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग मोठा होता.

"मेली बुरशी," वहिनी म्हणाल्या. "एक रात ओल आली का दुसरे दिवशी बसलीच. येकाला धरली का शेजारच्याला पन धरते. आमच्या आयचा जनम हिच्या पाटी गेला, नि माजा पन जानार."

मी एक बोंबील उचलून डोळ्यांजवळ नेला. हिरवट-काळ्या मखमलीसारखी बुरशी होती, फार देखणी. "काय सुंदर आलीय," माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो बोंबील गुपचूप ढिगात ठेवला.

मी नेलेली शेंगांची चटणी त्यांनी लगेच वाटीत काढली. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं कालवण, आणि बाजूला आमची चटणी. तिथली भाकरी मऊ, पांढरी, ताटात अंग टाकून पडणारी. आमची ज्वारीची कडक भाकरी आठ दिवस उभी राहते. वहिनींना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आठ दीस? दाताचा काय होते मंग?" आणि जेवता जेवता मी विचारलं, "दादा कुठायत?"

"झाडाखाली," वहिनी म्हणाल्या. "दुसरे कुटं असतीन? पाय नाय चालत, पन झाडाखाली जाते मानूस. तुमची वाट बगतात सकालपासना."

उंडीखाली

घराच्या मागे, वाळूच्या उंचवट्यावर, पूर्वी उंडींची रांग होती. आता रस्ता रुंद होऊन डांबर आलं होतं आणि एकच उंडी उभी होती. तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत हरेश्वरदादा बसले होते. माझ्या मागच्या भेटीच्या वेळी त्यांच्या पायाला बोटं होती. आता त्यातली दोन नव्हती आणि पट्टी घोट्याच्या वर गेलेली होती.

"आलाव, मॅडम!" उठायचा प्रयत्न करत ते म्हणाले. "बगा, ठेवलाय का नाय तुमचा झाड!"

मी वर पाहिलं आणि मला इतका आनंद झाला, की काय सांगू. असं झाड मी आजवर पाहिलेलं नाही. पान न् पान चकचकीत. कुठे ठिपका नाही, कड जळलेली नाही, एक फांदी वाळलेली नाही. दादा सांगत होते, रस्तावाले यंत्र घेऊन आले तेव्हा ते याच खुर्चीत, याच जागी बसून राहिले. "बोललो, यात औषद हाय. माज्या पायाचा हाय, तुमच्या पोरांचा पन असल. बाकीची न्या, ही नाय देनार." त्यांनी मोबाइल काढून त्या लोकांना माझ्या बशीचा फोटो दाखवला होता. शेवटी वैतागून रस्तावाल्यांनी रस्ता हातभर वळवला. ते वळण मला दिसतही होतं.

मी झाडाच्या जवळ गेले. तेव्हा खोड पाहिलं.

खोड माणसाच्या उंचीपर्यंत निळसर-पांढरं रंगवलेलं होतं. हा रंग मी ओळखते. बागाईतदार झाडाच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात. तो कशासाठी लावतात हेही मला माहीत आहे, आणि ते मला आठवायला नको होतं.

"दादा, हे काय लावलंय?"

"त्या बुरशीला!" दादा उत्साहाने म्हणाले. "तुमी फोनवर बोलल्या नाय का, बुरशीपाशी अडलाय म्हनून? मी विचार केला, झाडात औषद हाय, नि त्याला ही बुरशी धरलीय. बोंबलाला धरते तशी. औषद निगल कसा मंग? माजा साडू डहाणूला चिकूच्या वाडीत हाय. त्यानी सांगितला ह्यो लेप. नि नुसता लेप काय कामाचा? बुरशी आत हाय ना. मंग दुकानातना ती दवा आनली, झाडाच्या मुलात वतायची. ती मुलातना वर चढते, पाना-पानात जाते. आतली बुरशी आतच मारते."

मला त्या औषधाचं नावही विचारायचं नव्हतं. मी विचारलं. त्यांनी सांगितलं. तेच होतं, झाडाच्या अंगात भिनणारं, चांगलं जालीम.

"किती वेळा ओतलंत?"

"पावसाला सरल्यापासना सोडला नाय. साडू बोलला येकदा पुरे, पन मी बोललो, येक पन नाय ऱ्हायला पायजे."

मी खोडाला हात लावून उभी राहिले. तळव्याला निळी पूड लागली. त्या माणसाने या झाडासाठी सगळं केलं होतं. वैरी समजून ज्याला त्याने इतक्या निष्ठेने मारलं होतं, त्याच्याच पोटात त्याच्या पायाचं औषध होतं. आणि हे मी त्याला आता कोणत्या तोंडाने सांगू? ओरडावंसं वाटत होतं. रडावंसं वाटत होतं. त्याने एकदा फोन करून विचारलं असतं तर! पण का विचारावं त्याने? बुरशी म्हणजे नास, हे त्याच्या घरात तीन पिढ्या रोज सकाळी वलांडीवर बघत आल्या होत्या. बुरशी चांगली असते असं सांगणारी एक परगावची बाई, तिला कोण विचारणार?

"काय झाला, मॅडम?" दादांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "झाड फार छान ठेवलंत."

ते इतके खूश झाले, की मला मान वळवावी लागली.

तरी मी पानं घेतली. वरच्या फांदीची, खालच्या फांदीची, रस्त्याच्या बाजूची, समुद्राच्या बाजूची. सालीचा तुकडा घेतला, लेप लागला नव्हता तिथला. औषध कुठेतरी पोहोचलं नसेल, एखाद्या फांदीत एखादी भाडेकरीण दार लावून बसली असेल, अशी आशा होती. ताडून बघायला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या करंजाचीही पानं घेतली. वहिनींनी मासळीसाठी आणलेला बर्फ फोडून खोक्यात भरून दिला, आणि वर सुक्या बोंबलांची पुडी ठेवली. निवडलेल्यांतली.

पुन्हा पालघर

पानाच्या आतली बुरशी काढायची तर आधी बाहेरची सगळी मारावी लागते. पानाचे तुकडे स्पिरिटमध्ये बुडवायचे, मग ब्लीचच्या पाण्यात, मग शुद्ध पाण्यात पुन्हापुन्हा धुवायचे. मग ते बशीत ठेवायचे आणि वाट बघायची. आतली बुरशी पानाच्या कापलेल्या कडेतून हळूच बाहेर येते. माझे विद्यार्थी याला बाळंतपण म्हणतात.

हे काम मी आयुष्यभर करत आलेय, पण त्या दिवशी मी प्रत्येक तुकडा दोनदा तपासून बशीत ठेवला. बाहेरची मारायची आणि आतली जगवायची, एवढं कौतुकाने करायचं, आणि मला ठाऊक होतं की आतलीला कुणीतरी माझ्या आधीच गाठलंय. कॉलेजातली प्राध्यापिका शेजारी उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नवीन पानं येतील तशी बुरशी परत येईल की." मी म्हटलं, येते, हवेतून येते, शेजारच्या झाडांवरून येते. पण शेजारच्या उंडी डांबराखाली गेल्या होत्या. मग जी येईल ती दुसरीच कुठली तरी. प्राध्यापिका बशांची झाकणं लावू लागली. मीही बशा आवरून खोक्यात भरल्या.

घरी

करंजाच्या पानांतून तिसऱ्या दिवसापासून बुरश्या निघायला लागल्या. पांढऱ्या, काळ्या, गुलाबीसर, बशीत नुसती दाटी. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती.

उंडीच्या बशा मी रोज सकाळी उजेडात धरून बघत होते. कॉलेजात गेल्यावर बघायची, निघताना बघायची. पानाचे हिरवे तुकडे होते तसेच. त्यांच्या कडेला धागा नाही, धुकं नाही, काही नाही. मग ते तुकडे पिवळे पडले, मग तपकिरी झाले. मी इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ पान पाहिलं नव्हतं. सहसा झाडाच्या कुठल्याही पानात कुणी ना कुणी राहत असतंच. हे पान म्हणजे दारं-खिडक्या सताड उघड्या असलेलं, झाडलोट केलेलं, रिकामं घर होतं. मी बशा फेकायला निघाले आणि परत ठेवल्या. अजूनही फेकलेल्या नाहीत. पण मला ठाऊक आहे, त्यांत काही नाही.

वहिनींनी दिलेले बोंबील आम्ही भाजून खाल्ले. चांगले होते.

मग हरेश्वरदादांचा फोन आला. मी तो घेणार नव्हते, पण घेतला. पाठीमागून समुद्राचा आवाज येत होता. ते झाडाखालीच बसले असणार.

"मॅडम, पाना तपासली?"

"तपासली, दादा."

"नि बुरशी?"

खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. सगळं सांगायचं, नीट समजावून. पण तोंडातून एवढंच आलं, "एकही निघाली नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. दादांनी फोन बाजूला धरून घराकडे हाक मारली, आणि त्या आजारी माणसाच्या आवाजाला किती जोर होता ते मला त्या दिवशी कळलं.

"ए जयवंती! आयकलास काय? मॅडम बोलतात, येक पन नाय निगाली! येक पन नाय!"

वहिनी काहीतरी म्हणाल्या, दोघंही हसले. मग त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"आता तर काय अडला नाय ना, मॅडम?" ते म्हणाले. "मंग औषद कवा?"